धड ना वाटेची, ना रानाची

"ही?" वर्नरनं बुटाच्या टोकानं गाडीखालच्या रबरी पट्ट्याला डिवचलं. "ही बघायला मला घरून उठवून आणलंस? एक ना धड, भाराभर चिंध्या!"

ब्रिटा हसली. बाप असंच बोलणार हे तिनं निघतानाच गृहीत धरलं होतं.

"आखलेल्या वाटेवरही चालते आणि खोल बर्फातही, बाबा. मला दोन्ही हवंय."

"दोन्ही हवंय म्हणणाऱ्याला दोन्ही जमत नसतं."

लायलच्या दुकानाबाहेर एप्रिलचा बर्फ काळा पडून वितळत होता, आणि आत पुढच्या हिवाळ्याच्या स्नोमोबिल, बर्फावरून पळणाऱ्या गाड्या, ओळीनं मांडल्या होत्या. सरोवरात घुसलेल्या जमिनीच्या या टोकावर हे नेहमीचंच. जुना बर्फ अजून छपरावरून ओघळत असतो आणि माणसं नव्या बर्फाची गाडी ठरवत असतात. एप्रिल संपायच्या आत सांगितलं तर कारखाना हवी तशी बांधून देतो, नोव्हेंबरात ती येते. आज शेवटचा दिवस होता.

ब्रिटाचं म्हणणं साधं होतं. मुलगा झाल्यापासून तिचं रानात जाणं सुटलं होतं. त्याआधी दर शनिवारी वर्नर पुढे आणि ती मागे, वाट सोडून, कमरेएवढ्या बर्फात. "पुढच्या हिवाळ्यात आपण दोघांनी पुन्हा जायचं. त्यासाठी गाडी घ्यायचीय, तुम्ही चला," एवढंच ती म्हणाली होती, आणि वर्नर कुरकुरत आला होता.

या हिवाळ्यात त्याचेही शनिवार फेब्रुवारीतच बंद पडले होते. तो ओढ्यात रुतला, ब्रिटानं आणि शेजाऱ्यांनी त्याला ओढून काढलं. वेग वाढवायची गॅसची कळ जाम झाली, तो सगळ्यांना सांगे. लायलनं ती कळ उघडून पाहिली होती, तिच्यात काही बिघाड नव्हता, आणि त्यानं ती तशीच परत बसवली होती. पुढे वर्नर म्हणू लागला, यंदा बर्फच भिकार पडला.

"आखूड पट्टा वाटेवर वळतो," वर्नर आता मोठ्यानं सांगत होता, जणू दुकानात शंभर माणसं होती. "लांब पट्टा खोल बर्फावर तरंगतो. हा मधला. वाटेवर फरफटतो, रानात बुडतो. ही पुलापलीकडून येणाऱ्या शहरी पाहुण्यांसाठी काढलीय. त्यांची सीट गरम, मुठी गरम, नुसता मेंदू गोठलेला!"

लायल काउंटरवर मांस-बटाटा भरलेली पेस्टी खात होता. "गेल्या वर्षी सगळ्यात जास्त हीच गेली, वर्नर."

"अकलेपेक्षा बिनअक्कल नेहमीच जास्त खपते."

"बसून तर बघा," ब्रिटा म्हणाली.

"मी कशाला?"

"तुमच्याइतकं कळतं का मला?"

वर्नरनं गाडीवरून पाय टाकला. तो बसला. ब्रिटा उकिडवी होऊन त्याच्या गुडघ्यांकडे बघत राहिली.

"सीट उंच होतेय का?"

"मला नाही होत. तू माझ्यापेक्षा चार बोटं बुटकी, तुला होईल."

"मग असू दे एवढीच," ती लायलला म्हणाली.

वर्नरनं नाक मुरडलं. लायलनं कॉफीचा कप पुढे केला. वर्नरनं तो डाव्या हातात घेतला. उजवा कोटाच्या खिशात होता, दुकानात चांगली ऊब असूनही.

"सुरू कशी करायची? दोरी की बटण?" लायलनं विचारलं.

"बटण?" वर्नर उसळला. "आम्ही जन्मभर दोरी ओढली! बटण म्हाताऱ्याकोताऱ्यांना."

"ओढून दाखवता एकदा?" ब्रिटानं हळूच विचारलं. "जड आहे का बघू."

वर्नर कपात बघत राहिला. "मी काय सर्कशीत आहे? गाडी तुला हवीय, तूच ओढ."

तिनं ओढली. एका झटक्यात इंजिन धडधडलं. तिनं ते बंद केलं आणि म्हणाली, "बटण हवं."

"बघा! सुरू करता येते, तरी बटण! नाचता येईना तर माणूस अंगण वाकडं म्हणतो. हिला नाचता येतंय, तरी हिचं अंगण वाकडं!"

"मागे घ्यायचा गिअर?" लायलनं पुढचं विचारलं.

"हवा."

"माझा बाप गाडी उचलून फिरवायचा," वर्नर छताला म्हणाला.

"आणि गॅसची कळ?" या वेळी लायलचा आवाज थोडा खाली आला. "अंगठ्याची. सगळ्यांची उजवीकडे असते. कारखान्यात सांगितलं तर डावीकडे बसवून देतात."

"डावीकडे," ब्रिटा म्हणाली.

वर्नर इतका हसला की कॉफी कोटावर सांडली. "डावीकडे! तू डावखुरी कधी झालीस गं? शेजाऱ्यांना कळलं तर दार लावून हसतील. अशी गाडी घेण्यापेक्षा माणसानं घरात बसून मोजे विणावेत!"

"घरात नाही बसायचं," ब्रिटा म्हणाली. ती आता हसत नव्हती.

"मग ऐक. लायल, तूही ऐक, साक्षीदार म्हणून. असल्या लंगड्या गाडीवर बसणाऱ्यानं माझ्याबरोबर रानात यायचं नाव काढू नये. मी त्याची वाट बघणार नाही. पोटची पोर असली तरी."

ब्रिटानं खिशातला रुमाल काढला, त्याच्या कोटावरची कॉफी टिपली, मुलाचं तोंड पुसावं तशी, आणि रुमाल घडी करून ठेवला.

"हीच," ती लायलला म्हणाली. "जशी सांगितली तशी."

लायलनं मान डोलावली. एप्रिलात ठरवलेल्या गाडीच्या पुढच्या काचेवर कारखाना फुकट नाव रंगवून देतो. ज्याची गाडी, त्याचं नाव.

"काचेवर नाव कुणाचं घालू?"

"बाबांचं," ब्रिटा म्हणाली.