अर्धं छप्पर

फुटकं कौल. निळ्या पत्र्याचा वीतभर तुकडा. मुंबईचा फोन. आईची खाट.

"माझ्या हिश्श्यावर पत्रा नको," धाकटा फोनवर म्हणाला. "मी राहतो कुठे तिथे?"

"त्याच्याच बाजूला आई निजते. माकडांनी कौलं पार फोडलीत," मिस्त्री थोरल्याला म्हणाला. "चार पत्रे जास्त घाल."

"उद्या म्हणेल, हिस्सा बळकावला. आणि पैसे कोण देणार, माकडं?"

"मग खाट तरी इकडे घे."

"इकडे फ्रिज येतोय," थोरल्याची बायको आतून म्हणाली.

निळा पत्रा आढ्यापर्यंत चढला आणि तिथेच थांबला. आईने खाटेवर प्लास्टिक अंथरलं. "रंग बरा आहे," ती म्हणाली.

घर बांधलं तेव्हा दोन्ही बाजूंची कौलं तिनेच बंदरावरून डोक्यावर वाहून आणली होती.