गुन्हा कबूल नाही

“सातशे वर्षांपूर्वीचे चोर हे. स्वतःच्या बाजूने धड एक वाक्य बोलता आलं नाही यांना. आणि यांच्यावर तू पीएच.डी. करणार?” पाटणकर सरांनी झोया सोलकरच्या प्रबंधाचं प्रकरण टेबलावर टाकलं.

मध्ययुगीन इंग्लंडमधली कोर्टाची आणि तुरुंगांची दप्तरं हा तिचा विषय. मायक्रोफिल्मच्या प्रतींवर डोळे फोडून तिने ती वाचली होती. बहुतेक कैद्यांच्या नावापुढे एवढंच लिहिलेलं. आला, नाही म्हणाला, फाशी गेला.

“बोलले असतील, सर. कारकुनाने लिहून घेतलं नसेल.”

“जे लिहिलेलं नाही ते घडलेलं नाही. तुमच्या बंदरावरच्या गप्पा इथे चालत नाहीत. दुसरा विषय घे, नाहीतर दुसरा गाइड बघ.”

झोयाने कागद गोळा केले आणि ती निघून गेली. सरही उठले. त्यांना कोर्टात जायचं होतं. मिरजोळ्याच्या वळणावर त्यांच्या स्कूटरने तुळसा नावाच्या मासे विकणाऱ्या बाईचा पाय मोडला होता.

तुळसा मागच्या बाकावर प्लास्टरमधला पाय लांब करून बसली होती. सरांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आरोप वाचून झाला. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, “गुन्हा कबूल आहे?”

“साहेब, ही बाई मला लांबूनच दिसली होती. रस्त्याच्या कडेला पाटी मांडून बसलेली. मी हॉर्न दिला. समोरून कोण येतंय ते बघून बाजूला व्हायची अक्कल नको? ब्रेक मी का मारायचा? असल्या लोकांना...”

“कबूल आहे की नाही, एवढंच सांगा.”

“नाही. पण...”

टाइपरायटर जरासा वाजला आणि थांबला. पुढची तारीख मिळाली. सरांनी सही केली.

व्हरांड्यात येताच ते आपल्या वकिलांवर उखडले. “माझं एक अक्षर घेतलं नाही, मुकादम. प्राध्यापक आहे मी. आत चला. मी बोललो ते सगळं शब्दन् शब्द लिहून घ्यायला लावा.”

वजीर मुकादमांनी त्यांचं कोपर घट्ट धरलं आणि आवाज खाली आणला.

“सर, बाई दिसत असूनही ब्रेक मारला नाही, असं तुम्ही भर कोर्टात सांगितलंत. ते कागदावर आलं नाही, म्हणून तर तुम्ही सुटणार आहात.”