लाल पिलं

सरकारविरुद्ध पत्रकं वाटली म्हणून निजामाचे पोलीस कुरुंद्यात दगडोबाला हुडकत होते. दोन महिने त्याचा पत्ता नव्हता, आणि घरावर सतत पहारा. आई गोजरबाई एकटीच. सोबतीला अंगणात कोंबडी आणि तिची चौदा पिलं. त्यातली नऊ घारीनं उचलली. उरलेली पाच तरी जगावीत म्हणून त्या दिवशी तिनं हळदीत चुना कालवला आणि पिलं लालभडक रंगवायला घेतली.

तेवढ्यात अंगभर राख फासलेला एक गोसावी दारात येऊन उभा राहिला. मुका असावा, नुसता बघत राहिला.

"पुढं व्हा महाराज, हात बरबटलेत माझे," ती दोनदा म्हणाली, तेव्हा कुठं हलला.

दुपारी घार झेपावली. असली लाल पिलं तिनं कधी पाहिली नव्हती. बिचकली आणि तशीच वर निघून गेली. गोजरबाईचा जीव भांड्यात पडला. मागं वळून बघते, तर कोंबडीच पिलांना टोचून मारत होती. तीन निपचित पडली होती.

"काहून मारतीस गं? रंग बदलला तर सोताचं लेकरू वळखंना व्हय तुला? कसली आई तू?" उरलेली दोन पदराखाली घेऊन ती रडायला लागली.

शेजारचा तातेराव आत आला आणि हळूच म्हणाला,


"रडू नका काकू. दगडोबा निसटला. राख फासून, मुका गोसावी होऊन पोलिसांच्या समोरून गेला. तुमाला बघूनच जातो म्हणत व्हता. आला व्हता ना?"