घाटातला हीटर

वैशाखातल्या दुपारी आंबेनळी घाट चढताना गाडीच्या तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकला. भार्गवरावांनी लगेच एसी बंद करून हीटर लावला. "इंजिनाची उष्णता अशी आत ओढून घेतली, की इंजिन थंड राहतं," त्यांनी बायकोला आणि मुलाला समजावलं.

मुलगी बघायला जायचं म्हणून पुष्कर मागे कोट घालून बसला होता. आई पदरानं वारा घेत त्याला काच उघडायला खुणावत होती; त्यानं हात पुढे केला, पण बाबा "नको, धूळ येईल" म्हणताच मागे घेतला. बाबांना उलट बोलायची त्याला सवयच नव्हती.

महाबळेश्वरला पोचेपर्यंत तिघंही घामानं निथळत होते. भार्गवराव मात्र खुशीत होते. काटा कसा खाली आणला, ते त्यांनी मुलीच्या वडिलांना दारातच रंगवून सांगितलं.

पोहे झाल्यावर ऋजुता पुष्करला अंगणात घेऊन गेली.

"एवढा घाम? मला घाबरलात की काय?" तिनं हसत विचारलं.

"नाही हो, गाडीत हीटर चालू होता."

"या उन्हात? मग काच तरी खाली करायची!"

"बाबा नको म्हणाले."

ऋजुताचं हसू मावळलं. "मग राहू द्या. लग्नानंतर आपल्या घरातही हीटर तेच लावतील."

परतताना उतारावर इंजिन थंड होतं, भार्गवराव तापले होते. "नकार? कारण काय दिलं तिनं?"

पुष्करनं कपाळ पुसलं. "पत्रिका जुळत नाही म्हणाली."

"तरीच!" भार्गवरावांचा चेहरा खुलला. "नाहीतर आपल्यात नाव ठेवायला जागा कुठे आहे?"