चिकटवलेली पानं

प्रकाशकाकडे आलेली हस्तलिखितं वाचून मत देणाऱ्या थ्रॉसेलनी मिस लोमॅक्सच्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं, त्याला वर्ष होऊन गेलं. पत्र छोटंसंच होतं. ‘माझ्या कादंबरीची दोन पानं मी मुद्दाम खळीने चिकटवली होती. नकारासोबत ती तशीच चिकटलेली परत आली. आपण वाचता तरी काय?’

आज तिची दुसरी कादंबरी टेबलावर होती, आणि टेबलापलीकडे प्रकाशक क्रेल.

“अहो थ्रॉसेल, बाईने आता मलाच लिहिलंय. खरं सांगा, वाचता ना? का पहिलं पान, शेवटचं पान आणि मधे चहा?”

“वाचतो, साहेब.”

“मग ती पानं?”

“किटलीच्या वाफेवर सोडवली, वाचली.” थ्रॉसेल जोड्यांकडे बघत म्हणाले. “आणि परत चिकटवली.”

“परत? ते कशाला?”

“राग आला होता. म्हटलं, पाळतच ठेवायचीय ना, मग बसा संशयात.”

क्रेल हसले. “हे मी मानावं? तिला पटवून द्या. नाही पटलं, तर हे बाड दुसऱ्या वाचकाकडे जाईल. यापुढची सगळीच.”

घरी थ्रॉसेलनी नवं बाड खिडकीशी धरून एकेक पान पाहिलं. कुठे खळ आहे का, कुठे मुद्दाम घातलेला केस, कुठे उलटं लावलेलं पान. काहीच नव्हतं. त्यांना जास्तच भीती वाटली. बाई आता हुशार झाली असावी. मग आणखी एक शंका आली. ती दोन पानं आपण खरंच वाचली होती, की आता आपणच रचतोय?

ते बराच वेळ डोळे मिटून बसले. मग लिहायला घेतलं.

‘त्या पानांवर ॲग्नेस मेलेल्या भावाचे बूट तळ लावायला घेऊन जाते. चांभार विचारतो, घाई आहे का? ती म्हणते, हो, उद्या घालायचेत. तुमच्या अख्ख्या कादंबरीत तेवढीच दोन पानं जिवंत होती, बाई. नेमकी तीच का चिकटवलीत?’

कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी ते थांबले. पाकिटाची कड अंगठ्याने दाबून पाहिली, पुन्हा एकदा दाबली, आणि मग पाकीट आत सोडलं.