तोंडाने सांगायचं

दुकानदारीणबाईंनी शनिवारच्या पत्त्यांच्या स्पर्धेतल्या शेवटच्या फेरीच्या जोड्या वाचून दाखवल्या आणि पत्ते पिसण्याचा आवाज एकदम थांबला. खिडकीजवळच्या टेबलावर वकील आणि वायरमन.

"संगणकाने लावल्यात जोड्या," बाई स्क्रीनच्या आडून म्हणाल्या. "त्याला घरगुती भानगडी काय कळणार?"

वकील आणि वायरमन सख्खे भाऊ. वकील थोरला, आई त्याच्याकडे. घराचा जिना आतून घ्यायचा की बाहेरून, यावरून दोघांचं बिनसलं. जिना झालाच नाही. धाकटा मात्र तेव्हापासून त्या दाराशी फिरकला नव्हता, म्हणजे आईलाही भेटला नव्हता. दर शनिवारी दोघं या दुकानात येत, दोन टोकांना बसून कागदी राक्षसांच्या झुंजी लावत आणि एकमेकांच्या पाठी बघून घरी जात. बाई आजवर जोड्या लावताना त्यांना एकमेकांच्या वाटेला जाऊ देत नसत.

या खेळात टाकलेला पत्ता लगेच लागू होत नाही. त्याचं नाव घ्यायचं आणि समोरच्याला विचारायचं, "चालेल?" तो "चालेल" म्हणाला, तर पत्ता लागू. नाहीतर त्याने आपला पत्ता टाकून तो रोखायचा.

वायरमनने पहिला पत्ता टाकला आणि भिंतीवरच्या घड्याळाला विचारलं, चालेल का. वकिलाने मान हलवली.

मान चालत नाही, असं बाईंनी तिथूनच कळवलं. गेल्याच महिन्यात इथेच खेळायला येणाऱ्या न्हाव्याशी हुज्जत घालताना वकिलाने उभं राहून नियम वाचला होता : तोंडाने सांगायचं, समोरच्याला सांगायचं, ऐकू जाईल असं सांगायचं. वकिलाने आता त्या नियमात फट शोधून पाहिली. पण गेल्या महिन्यात सगळ्या फटी त्यानेच बुजवल्या होत्या.

"चालेल," तो म्हणाला. हळूच, पण ऐकू जाईल असं.

मग खेळ सुरू झाला, आणि काय खेळ होता. वायरमन जिवंत तारेला हात घालावा तसा खेळे, चटकन आणि नेमका. वकिलाच्या गड्डीत निम्मे पत्ते दुसऱ्याला रोखण्याचेच होते. आयुष्यभराचा धंदाच तो. धाकटा लांडगा टाकी, थोरला पूल पाडी. धाकटा पुलाखालून मगर काढी, थोरला नदी आटवी. शेजारच्या टेबलांवरचे लोक आपापले डाव उपडे ठेवून भोवती जमले. धाकटा काय टाकणार हे थोरल्याला आधी कळत होतं, आणि थोरल्याला कळलंय हे धाकट्याला. असं खेळायला एका खोलीत वाढावं लागतं.

"चालेल?"

"चालेल."

"हे?"

"हे नाही."

न्हावी हळूच म्हणाला, की एवढं बोलणं त्याचं आणि त्याच्या बायकोचं महिन्यात होत नाही. त्याला कोणीतरी कोपराने गप्प केलं.

शेवटी वायरमनच्या हातात एकच पत्ता उरला. त्याने तो टेबलावर ठेवला. ड्रॅगन. हा लागू झाला की वकील संपला. वकिलाच्या हातातही एकच पत्ता होता, आणि तो कुठला हे एकट्या वकिलाला ठाऊक होतं.

आता "चालेल?" येणार म्हणून सगळे वाकले. वायरमनने ड्रॅगनवर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. घड्याळाकडे त्याने आता पाहिलं नाही.

"दादा, उद्या आईला भेटायला येतो. चालेल?"

नियमाप्रमाणे समोरच्याला विचार करायला वेळ मिळतो. वकिलाने तो सगळा घेतला. हातातला पत्ता पाहिला, उपडा केला, पुन्हा पाहिला, जसं काही तो बदलणार होता. चष्मा काढला. पुसला नाही, नुसताच परत घातला.

"चालेल," तो म्हणाला. "चारनंतर ये. दुपारची झोपते ती."

"ठाऊक आहे."

"आणि ड्रॅगन?" न्हाव्याला राहवेना.

"ड्रॅगन नाही," वकील म्हणाला आणि त्याने आपला पत्ता सुलटा केला. रोखणाराच होता.

पुढच्याच खेपेला गड्डीतून नवा पत्ता उचलून त्याने धाकट्याला हरवलं. दयामाया काही नाही. हरलेल्याने आधी हात पुढे करायचा, ही दुकानाची रीत. वायरमनने तो केला, वकिलाने धरला आणि सोडायला जरा उशीर लावला. न्हाव्याने टाळ्या वाजवल्या. त्याच्याबरोबर सगळ्यांनी, जिंकलेल्यासाठी की हरलेल्यासाठी ते कोणी विचारलं नाही.

हात सोडताना बाहीचा धक्का लागून गुण मोजायचा फासा घरंगळला तो थेट बाईंच्या टेबलाखाली गेला. वायरमन गुडघ्यांवर बसून आत शिरला. फासा भिंतीशी सापडला. त्याच्या शेजारी, धुळीत, संगणकाचा प्लग पडला होता. सॉकेटपासून चांगला हातभर लांब.

धंद्याची सवय. त्याने तो उचललासुद्धा. मग मान बाहेर काढून वर पाहिलं. बाई कपाळाला आठ्या घालून काळ्या स्क्रीनवर निकाल वाचत होत्या.

वायरमनने प्लग होता तिथेच, आवाज न करता ठेवला आणि फासा घेऊन उठला.