जाळ ओढायची वेळ

दिंकोने लॅव्हेंडरची शेवटची गोणी तेलाच्या भट्टीपाशी आणून टाकली आणि कुझमाने हंड्याचं उघडलेलं झाकण परत लावलं.

"उद्या लावू या का?" त्याने विचारून पाहिलं.

"काका, हात घालून बघा. फुलं आतून तापायला लागलीत," दिंको म्हणाला. "उद्या शेळ्यासुद्धा तोंड लावणार नाहीत."

खरंच होतं ते. दिंकोचं वर्षाचं पीक त्या गोण्यांत होतं. कुझमाने निमूटपणे हंडा भरायला घेतला.

बेटावरच्या त्या गावाची भट्टी तरुणपणापासून त्याच्याकडे होती. फुलं दाबून भरायची, खाली जाळ घालायचा. वाफ गार पाण्यातल्या नळीतून थेंब थेंब उतरते आणि पाण्यावर तेल तरंगतं. एवढं कोणालाही जमेल. खरी गोम जाळ वेळेवर बाहेर ओढण्यात. लवकर ओढला तर निम्मं तेल फुलांतच राहतं. उशीर झाला तर शिजलेल्या पाल्याचा वास तेलात उतरतो आणि सगळं मुसळ केरात. ती वेळ नाकालाच कळते, आणि कुझमाचं नाक दोन-तीन वर्षांपूर्वीच्या तापात मेलं होतं.

हे एकट्या लुत्सेला, त्याच्या बायकोला, ठाऊक होतं. तेव्हापासून ती विणकाम घेऊन भट्टीशेजारी बसायची आणि वेळ झाली की हळूच "ओढ" म्हणायची. भट्टीपायी बिचारीचं घरात लक्ष राहिलं नव्हतं. चुलीवर मासळी करपली तरी पत्ता नसायचा. गावात मात्र कुझमाच्या नाकाचं कौतुक चालूच होतं. आणि आता ती पायरीवरून पडून, खुबा मोडून समुद्रापलीकडे स्प्लिट शहराच्या इस्पितळात पडली होती.

खरं काय ते सांगून टाकावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण सांगितलं की भट्टीची किल्ली गेली. मग काय, बंदरावर बसून माश्या मारायच्या? दुसरं त्याला येत तरी काय होतं? आणि न सांगावं, तर ह्या भल्या माणसाच्या पिकाची माती. रडावंसं वाटलं त्याला.

दिंकोला विचारण्यात अर्थ नव्हता. आठवडाभर फुलांत वावरून त्याच्या नाकाला सगळं सारखंच झालं होतं. त्याला सरपण फोडायला पिटाळून कुझमाने लुत्सेला फोन लावला.

"मी काय सांगू इथून?" ती म्हणाली. मग म्हणाली, "फोन ठेवू नकोस. बोलत राहा."

तो बोलत राहिला. वाफ कशी येतेय, धार केवढी, तेलाचा रंग कसा. ते संपलं तेव्हा इस्पितळातलं सूप, तिचा पाय, हवापाणी. दिंको लाकडं घेऊन आला आणि हसलाच. ह्या वयातही बायकोवाचून करमत नाही म्हणायचं, असं पुटपुटत परत गेला. कुझमाच्या पाठीवरून घाम ओघळत होता. आपण काय बडबडतोय, ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. शेजारणीच्या कोंबडीचं सांगता सांगता तो मधेच थबकला.

"ओढ," लुत्से म्हणाली.

"नक्की?"

"ओढ म्हणते ना."

त्याने जळती लाकडं भराभर बाहेर ओढली आणि त्यांवर पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी तेल घेणारी बाई बोटीने आली. कागदाची पट्टी तेलात बुडवून तिने नाकाशी धरली, डोळे मिटले. पट्टी हलवून पुन्हा हुंगली. मग ती दिंकोकडे वळून म्हणाली, की यंदा अख्ख्या बेटावर याच्या तोडीचं तेल नाही.

दुपारच्या बोटीने कुझमा इस्पितळात गेला. लुत्सेचा हात धरून तो लहान मुलासारखा रडला. तुझं नाक नसतं तर मी कधीच संपलो असतो, म्हणाला. मग डोळे पुसून त्याने विचारलं, "पण मधे एवढा समुद्र. तुला कळलं कसं?"

लुत्सेने दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

"वेळ भरली की तू आपोआप गप्प होतोस. नेहमीच होतोस. मी तेवढंच बघते," ती म्हणाली. "वास माझाही त्याच तापात गेला, कुझमा."